साखरेच्या डब्याशेजारी खारकेचा डबा

घरात साखर किती लागते, असं विचारलं की बहुतेक बाया किलोमध्ये सांगतात. "महिन्याला चार किलो, पाहुणे आले तर पाच." माणशी चमचे किती, हे कुणी मोजत नाही. एकदा मोजून बघा. सकाळचा चहा, कामावरचा चहा, संध्याकाळचा चहा. कपाला दोन चमचे धरले तरी दिवसाचे सहा चमचे झाले. एका चमच्यात साधारण ५ ग्रॅम साखर बसते. म्हणजे नुसत्या चहातून ३० ग्रॅम, आणि महिन्याला एका माणसाची ९०० ग्रॅम. बिस्किटं, शिरा, सरबत, मिठाई यांचा हिशेब अजून धरलेलाच नाही.

जागतिक आरोग्य संघटनेनं २०१५ साली साखरेबाबत सूचना दिली. वरून घातलेली साखर, गूळ, मध आणि फळांचा रस मिळून दिवसाच्या एकूण ऊर्जेच्या १० टक्क्यांच्या आत असावेत. ५ टक्क्यांच्या आत ठेवता आले तर अधिक बरं. मोठ्या माणसासाठी हा आकडा दिवसाला सुमारे २५ ग्रॅम येतो. आपल्या घरात तो दुपारच्या आतच संपतो.

यात दोष घर चालवणाऱ्या बाईचा नाही. साखर स्वस्त मिळते, डब्यात टिकते आणि भूक मारते. अंत्योदय कार्डावर ती रेशनलाही मिळते. धुणीभांडी, बिगारी, कचरावेचणी अशी कामं करणाऱ्या माणसाला दोन घासांच्या मध्ये गोड चहाच उभं ठेवतो. पण हीच साखर पुढे वसुली करते. देशात १० कोटींहून जास्त माणसांना मधुमेह असल्याचं २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत दिसलं. हा आजार आता बंगल्यातला राहिलेला नाही. पत्र्याच्या घरात 'शुगर' निघाली, तर औषधासोबत रोजंदारी बुडते, पायाची जखम महिनोन्‌महिने भरत नाही, आणि शिलाई किंवा निवडटिपण करणाऱ्या बाईची नजर अधू होते.

म्हणून साखर कमी करायची. "गोड खाऊ नका" असं म्हणून ते होत नाही. तोंडाला गोडी हवी असते, मुलांना तर हवीच. मग गोडी दुसरीकडून आणावी लागते. खारीक, खजूर आणि मनुका या कामाला येतात.

सुकामेवा म्हणजे फक्त काजू-बदाम नव्हे

सुकामेवा म्हटलं की दिवाळीला साहेबांच्या घरी येणारा चकचकीत डबा डोळ्यांपुढे येतो. काजू, बदाम, पिस्ते. ते आपल्या आवाक्यात नाहीत आणि गोडीसाठी त्यांचा उपयोगही नाही. गोडी असते ती वाळवलेल्या फळांत. त्यातली तीन कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात मिळतात.

खजूर आणि खारीक एकाच झाडाची. फळ झाडावर पिकून मऊ झालं की तो खजूर. पूर्ण पिकायच्या आधी, पिवळं-लालसर आणि करकरीत असताना तोडून, उकळून उन्हात वाळवलं की ती खारीक. म्हणून खारीक दगडासारखी टणक असते आणि जास्त टिकते. आपल्या देशात कच्छकडे खजुराच्या बागा आहेत, पण बाजारात दिसणारा बराचसा खजूर इराक, इराण आणि अरब देशांतून येतो.

बेदाणा मात्र अगदी आपल्या घरचा. सांगली जिल्ह्यातलं तासगाव बेदाण्यासाठी प्रसिद्ध आहे. द्राक्षं पाण्यातल्या द्रावणात बुडवून, जाळीच्या सावलीत रॅकवर पसरून साधारण पंधरा दिवस वाळवतात. चार किलो द्राक्षांचा जेमतेम एक किलो बेदाणा होतो. काळी द्राक्षं वाळवली की काळ्या मनुका.

आणखी एक नाव घेते. पूर्व विदर्भात, भंडारा, गोंदिया, गडचिरोली, चंद्रपूरकडे मोहफुलं वाळवून ठेवतात. ते फळ नाही, फूल आहे, पण गोडीला खारकेच्या तोडीचं. दारूशी नाव जोडलं गेल्यामुळे ते स्वयंपाकघरातून हद्दपार झालं. आज तिकडच्या बाया मोहफुलांचे लाडू करून विकतात. ज्यांच्या गावाकडून मोहफुलं येतात त्यांनी ती जरूर वापरावीत.

एक खजूर, एक चमचा

आता खरं गणित सांगते. ते लपवून ठेवलं तर उद्या तुम्हीच फसाल.

बी काढलेला मध्यम खजूर साधारण ८ ग्रॅमचा असतो. त्यात सुमारे ५ ग्रॅम साखर असते. म्हणजे एक खजूर बरोबर एक चमचा साखर. बेदाण्यातही वजनाच्या निम्म्याहून जास्त साखरच असते. "नैसर्गिक आहे, कितीही खा" असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. गुळाचंही तेच. गूळ आपल्या ओळखीचा म्हणून तो निर्दोष वाटतो, पण तोही जवळजवळ साखरच.

मग फायदा काय? तीन फायदे आहेत.

पहिला, चोथा. साखरेत चोथा शून्य असतो. खजुरात १०० ग्रॅममागे ७-८ ग्रॅम चोथा असतो. त्यामुळे पोट भरल्यासारखं वाटतं, शौचाला साफ होतं आणि साखर रक्तात जरा सावकाश उतरते.

दुसरा, हात आपोआप आखडतो. खिरीत एक वाटी साखर घालताना कुणाला काही वाटत नाही. तेवढ्याच गोडीसाठी तीस खजूर मोजून घालायचे म्हटले की बाई दहावर थांबते. आणि खरं सांगायचं तर दहा खजुरांची खीरही गोडच लागते, कारण खजुराला स्वतःची चव आणि वास आहे. जीभ कमी गोडीवर समाधान मानते.

तिसरा, सोबत पोटॅशियम, मॅग्नेशियम, थोडंफार लोह येतं. साखरेसोबत काहीच येत नाही.

म्हणजे ही फळं साखरेची जुळी बहीण नाहीत आणि औषधही नाहीत. एकूण गोडी निम्म्यावर आणायची ती शिडी आहे. शिडी चढायला वापरायची, डोक्यावर घेऊन मिरवायची नाही.

पैशाचा हिशेब

किलोला किलो लावलं तर खजूर साखरेपेक्षा महाग आहे. साखर ४५ रुपयांच्या आसपास असेल, तर साधा खजूर तिप्पट-चौपट भावाने मिळतो. खारीक आणि बेदाणा त्याहून चढे. मग आपण त्याला स्वस्त कसं म्हणायचं?

साखरेच्या भावाशी नव्हे, दुकानातल्या तयार खाण्याच्या भावाशी तुलना करा. घरात दोन मुलं आहेत आणि दोघांना रोज पाच रुपयांचा एकेक बिस्किटपुडा लागतो असं धरू. दिवसाचे १० रुपये, महिन्याचे ३०० रुपये. त्या पुड्यात मैदा, साखर आणि तेल.

खजूर १८० रुपये किलो मिळाला असं समजा. किलोत बियांसकट ११० च्या आसपास खजूर बसतात. म्हणजे एक खजूर दीड-पावणेदोन रुपयांना पडला. दोन खजूर आणि वीसेक भाजलेले शेंगदाणे, पाच रुपयांत बसतात. पुड्याच्या पैशात पुड्याहून बरं खाणं. मुलाला गोडी मिळते, शेंगदाण्यातून प्रथिनं मिळतात आणि दुपारच्या जेवणापर्यंत पोट कुरकुरत नाही. दूध 'पौष्टिक' करणाऱ्या डबाबंद पावडरीचंही असंच आहे. डब्याच्या मागे छापलेलं वाचा. त्यात साखर असते, आणि पौष्टिक म्हणून आपण तिचे साखरेच्या कित्येक पट पैसे मोजतो. तेच काम घरची खारीकपूड करते.

खर्च आणखी उतरवायचा तर बचत गटानं एकत्र घ्यावं. पाच-सहा घरांनी मिळून घाऊक बाजारातून पेटी आणली तर भाव नक्की कमी पडतो. रमजानच्या दिवसांत बाजारात खजुराचे पुष्कळ प्रकार येतात, तेव्हा पारखून घ्या.

घेताना आणि ठेवताना

फार चमकणारा, बोटाला पाकासारखा चिकटणारा खजूर टाळा. त्यावर वरून पाक लावलेला असू शकतो. दुकानदाराकडून एक खजूर मागून फोडून बघा. आत भुकटी, जाळं किंवा अळी दिसली, आंबूस वास आला, तर घेऊ नका.

बेदाणा पिवळाधमक, एकसारखा दिसण्यासाठी पुष्कळदा गंधकाची धुरी देतात. दम्याच्या काही माणसांना त्याचा त्रास होतो. त्या घरात काळ्या मनुका बऱ्या. बारीक, रंगानं मळकट बेदाणा स्वस्त मिळतो आणि गोडीत काही कमी नसतो. आपल्याला तो वाटूनच घालायचा आहे, रूप कुणाला दाखवायचं?

उघड्यावरचा माल वापरण्याआधी कोमट पाण्यात दोनदा धुवा. धुतलेलं लगेच वापरा. ओलं डब्यात भरलं की बुरशी आलीच. पावसाळ्यात एकदम किलो घेऊ नका, पाव किलो पुरे. घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात ठेवा आणि कोरडा चमचा वापरा.

दोन डबे तयार ठेवा

खारीकपूड: ज्यांच्याकडे फ्रीज नाही त्यांच्यासाठी ही सगळ्यात सोयीची. पाव किलो खारीक ओल्या फडक्यानं पुसून उन्हात वाळवा. अडकित्त्यानं फोडून बी काढा. तुकडे मंद आचेवर तव्यावर कोरडे होईपर्यंत गरम करा, पण जाळू नका, कडू होतात. थंड झाल्यावर मिक्सरमधून काढा किंवा खलबत्त्यात कुटा. बी राहिली तर मिक्सरचं पातं मोडेल, म्हणून आधी नीट बघा. ही पूड कोरडी राहिली तर महिनाभर टिकते.

खजुराचा लगदा: पाव किलो खजुराच्या बिया काढा. वाटीभर गरम पाण्यात तासभर भिजवा. त्याच पाण्यासकट मिक्सरला किंवा पाट्यावर वाटा. गाळू नका, गाळलं की चोथा गेला आणि उरलं नुसतं गोड पाणी. फ्रीजमध्ये आठवडाभर चालतो. फ्रीज नसेल तर त्या दिवसापुरताच करा.

कशात काय घालायचं

नाचणीची लापशी: दोन चमचे नाचणीचं पीठ पाण्यात कालवून शिजवा. उतरवल्यावर अर्धी वाटी दूध आणि एक चमचा खारीकपूड घाला. शाळेत जाणाऱ्या मुलाला सकाळी एवढं दिलं तर चहा-बिस्किटाची आठवण होत नाही.

शेंगदाणा-तीळ-खजूर लाडू: एक वाटी भाजलेले शेंगदाणे, अर्धी वाटी भाजलेले तीळ, एक वाटी बी काढलेला खजूर. आधी दाणे आणि तीळ जाडसर कुटा, मग खजूर घालून पुन्हा कुटा. दाण्याच्या तेलानंच लाडू वळतो. साखर नको, गूळ नको, तूपही नको. लहान लाडू करा आणि दिवसाला एक द्या.

चिंच-खजूर चटणी: अर्धी वाटी चिंच, एक वाटी खजूर, जिरं, तिखट, मीठ. एकत्र शिजवून वाटा. यात गूळ लागतच नाही. पोळीला लावली की मुलं सॉस मागत नाहीत.

शिरा: वाटीभर रव्याला वाटीभर साखर ही सवय आहे. साखर पाव वाटी करा आणि अर्धी वाटी बेदाणे गरम पाण्यात फुगवून, अर्धे वाटून अर्धे तसेच घाला.

बाळंतिणीचे लाडू: डिंक, खोबरं, खारीक हे आपल्या आज्या घालतच आल्या. त्यात खारीकपूड वाढवा आणि गूळ निम्मा करा. डिंकामुळे आणि खोबऱ्याच्या तेलामुळे लाडू सुटत नाही.

वैशाख पौर्णिमेची खीर: सुजातेनं दिलेल्या खिरीची आठवण म्हणून त्या दिवशी घरोघरी आणि विहारात खीर होते. एक लिटर दुधाला आपण वाटीभर साखर, म्हणजे जवळपास १५० ग्रॅम घालतो. त्याऐवजी दहा खजुरांचा लगदा आणि दोन चमचे साखर घाला. एकूण गोडी ६० ग्रॅमच्या आसपास येते, निम्म्याहून कमी. खर्च दहाएक रुपयांनी वाढेल. एक काळजी घ्या: उकळत्या दुधात लगदा टाकला तर दूध फाटू शकतं. तांदूळ शिजल्यावर खीर खाली उतरवा, जरा निवू द्या, मग लगदा हळूहळू ढवळा. विहारात मोठ्या पातेल्यात करायची असेल तर आधी घरी एक लिटरची करून बघा.

आणि चहा? चहात खजूर जमत नाही. तिथे एकच उपाय, चमचा कमी करणं. पहिला आठवडा दोनाऐवजी दीड, मग एक. तीन-चार आठवड्यांत जीभ सरावते. जुना चहा नंतर आपोआप अति गोड लागतो.

"खजुरानं रक्त वाढतं" याचं काय?

हा प्रश्न वस्तीत सगळ्यात जास्त विचारला जातो, आणि तो जिव्हाळ्याचा आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९-२१ मध्ये, महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के बायांमध्ये रक्त कमी आढळलं. पाच वर्षांखालच्या मुलांमध्ये हे प्रमाण जवळपास ६९ टक्के.

अशा वेळी दोन खजुरांवर विसंबणं धोक्याचं आहे. दोन खजुरांतून एक मिलिग्रॅमही लोह मिळत नाही. गरोदर बाईला सरकारी दवाखान्यातून मिळणाऱ्या लाल गोळीत ६० मिलिग्रॅम लोह असतं. ती गोळी गरोदरपणात रोज, किमान १८० दिवस घ्यायची असते, आणि बाळंतपणानंतरही तितकेच दिवस. आशाताई किंवा उपकेंद्राकडून ती फुकट मिळते. शाळा-अंगणवाडीतून किशोरवयीन मुलींना आठवड्याला मिळणारी निळी गोळी पण चुकवायची नाही.

गोळी घेतल्यानं मळमळ किंवा बद्धकोष्ठ होतं म्हणून पुष्कळ जणी ती गुपचूप फेकून देतात. इथे खजूर खरंच मदत करतो. रात्री भिजवलेल्या दहा-बारा काळ्या मनुका किंवा दोन खजूर सकाळी पाण्यासकट खाल्ले की पोट साफ होतं आणि गोळी चालू ठेवता येते. खजूर गोळीच्या जागी नको, गोळीच्या सोबत हवा. गोळी घेतल्यावर आणि जेवणाच्या आधी-नंतर तासभर चहा पिऊ नका, चहा लोह अंगी लागू देत नाही. लिंबू, आवळा, पेरू मात्र लोह शोषायला मदत करतात.

यांनी सांभाळून

मधुमेह असलेल्यांनी दिवसाला एक, फार तर दोन खजूर, तेही दुसऱ्या कुठल्या तरी गोडाच्या बदल्यात. पोळी, भात, चहातली साखर तशीच आणि वर खजूर, असं केलं तर रक्तातली साखर चढणारच. नवीन काही सुरू केलं की तपासून बघा आणि आपल्या डॉक्टरांना विचारा. औषधाची गोळी स्वतःहून बंद करू नका.

मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी, डायलिसिस चालू असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय खजूर-मनुका खाऊ नये. त्यातलं पोटॅशियम त्यांच्या शरीराबाहेर पडत नाही आणि हृदयाला धोका होतो.

लहान मुलांच्या हातात अख्खी मनुका, शेंगदाणा किंवा बीसकट खजूर देऊ नका. चार वर्षांपर्यंत घास श्वासनळीत अडकण्याची भीती असते. कुटून, वाटून द्या. सहा महिन्यांनंतर बाळाला वरचं खाणं सुरू होतं, तेव्हापासून दोन वर्षांपर्यंत साखर नकोच. खारीकपूडही चिमूटभरच, बाळाला भाताची, डाळीची चव आधी कळू द्या. एक वर्षाच्या आत मध तर अजिबात चाटवू नका.

दातांना ही फळं चिकटून बसतात. खाल्ल्यावर चूळ भरायची सवय मुलांना लावा. रात्री झोपताना खजूर देऊन तसंच झोपवू नका.

या महिन्यापासून

सगळं एकदम बदलायला जाऊ नका, घरातले कुरकुरतात आणि पहिल्या आठवड्यातच जुनं सुरू होतं. या महिन्याच्या किराण्यात साखर एक किलो कमी लिहा. तिथे वाचलेल्या पैशात पाव किलो खजूर किंवा त्याहून थोडी कमी खारीक बसते. साखरेचा डबा वरच्या फळीवर ठेवा आणि खारीकपुडीचा हाताशी. चहाचा चमचा मोजूनच घाला. मुलांच्या पुड्याचे पैसे आठवड्यातून तीन दिवस लाडवाकडे वळवा.

महिना संपला की यादी काढून बघा. साखर किती लागली, पुडे किती आले, हे लिहून ठेवा. तीस वर्षं ओलांडलेल्या प्रत्येकानं जवळच्या सरकारी दवाखान्यात जाऊन रक्तातली साखर आणि रक्तदाब तपासून घ्यावा. ही तपासणी तिथे मोफत होते. तो आकडाही त्याच वहीत लिहा. पुढच्या वर्षी याच महिन्यात दोन्ही आकडे शेजारी शेजारी ठेवून वाचा.